मशीनवरचा दसऱ्याचा हार

झेंडूचा सुकलेला हार दिसला की आजही माझा हात आधी त्याच्या दोऱ्याकडे जातो. पोलिसातली नोकरी मी लवकर सोडली, पण ते प्रकरण काही मनातून जात नाही.

तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. मी डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. दिवाळी नुकतीच झाली होती. आंबिवलीची एक बाई ठाणे अंमलदारासमोर उभी होती. मी तिला आत बसवलं.

"मॅडम, भाऊ बॉर्डरवर आहे. नवीन बुलेटप्रूफ जाकिटं आली त्यांना. उतरवताना एकातली छातीवरची प्लेट पडली नि तडकली. लेबलवर डोंबिवलीचा पत्ता. फोनवर हसत होता, म्हणतो, अगं, आपल्या गावचाच माल!" ती मात्र हसली नाही. "त्याने साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पास झालेला माल आहे."

स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांची परवानगी घेतली आणि पंच सोबत घेऊन एमआयडीसीतला तो कारखाना गाठला. पुढची खेप ट्रकमध्ये चढत होती. माझ्याबरोबरचे जुने हवालदार कुजबुजले, "मॅडम, कॉन्व्हेंटचं प्लीज-थँक्यू नको हं इथे. जरा दम द्या."

दम देणं मला कधी जमलं नाही. मी गप्प राहून बघते. ती शांतता समोरच्याला सोसत नाही. मालकही बोलत सुटला.

"सगळं इथेच बनतं, मॅडम. हा आमचा हॉट प्रेस, तापवून दाबून प्लेटा बनवतो, दोन शिफ्टमध्ये चालतो. देशाचं काम आहे, सुट्टी नाही."

प्रेसवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती. वरच्या आणि खालच्या जबड्याला मिळून झेंडूचा हार बांधलेला होता, वाळून कडक झालेला.

"हा हार कधीचा?"

"दसऱ्याचा. मशीनची पूजा करतो ना आपण. लक्ष्मी आहे ती."

"मग दसऱ्यापासून हे मशीन एकदाही उघडलेलं नाही. उघडलं असतं तर दोरा तुटला असता. तापलं असतं तर फुलं जळली असती."

हवालदारांनी हाराला बोट लावलं. "शेठ, लक्ष्मी झोपलीय की तुमची!"

ठाण्यात जबाब देताना मालकाने कबूल केलं की प्लेटा बाहेरून स्वस्तात आणलेल्या होत्या. तपासणीसाठी चांगले नमुने वेगळे ठेवलेले असत.

"आणि सरकारी तपासनीस?"

"एसीत बसून नमुने बघितले, सही केली. मशीन बघायला मागितलंच नाही. तुम्ही मलाच का धरता, मॅडम?"

सुटण्यासाठी विचारला असला, तरी प्रश्न चुकीचा नव्हता.

ट्रक तिथेच थांबवला होता; माल जप्त केला, लष्कराला कळवलं. पण आधीची जाकिटं तिकडे अंगावर होती. बहीण विचारत होती, "भावाला सांगू का? कळलं तर धीर जाईल त्याचा."

"सांगा," मी म्हटलं.

तिने माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून आवाज आला, "ताई, दुसरं येईपर्यंत हेच घालतोय. उघड्या छातीने उभा राहू का?"

दुसरी जाकिटं पोहोचेपर्यंत ती रोज ठाण्यातल्या बाकावर येऊन बसायची.

मालकावर खटला भरला. सही करणाऱ्याची फक्त बदली झाली. गिरणीत दळण टाकतानाही आपण चक्की चालू आहे ना ते बघतो. सैनिक आपलं जाकीट निवडत नाही, सरकार देईल ते घालतो. म्हणून मशीनपर्यंत जाऊन बघणं सरकारचंच काम आहे, ते ठेकेदारावर ढकलता येत नाही.

भाऊ सुखरूप परतला. बहिणीबरोबर आभार मानायला ठाण्यात आला, तेव्हा मला त्याच्या डोळ्यांत बघवेना. माझ्याही अंगावर सरकारचाच गणवेश होता.