भांडण वगळून छापलेला लेख

रियाधच्या सुलै भागातल्या गोदामात मी घरसामान परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत कारकून होतो. त्या वर्षी अमेरिकन कुटुंबं हल्ल्यांना घाबरून भराभर रियाध सोडत होती. एकाने टाकून दिलेल्या खोक्यात त्यांच्याकडच्या एका छोट्या वाङ्मयीन मासिकाचे अंक मिळाले. गावाकडे मी चळवळीची पत्रकं लिहायचो. इथे मलाझ वस्तीतल्या माझ्या खोलीत शुक्रवारी बोलायलाही कुणी नसायचं. ते अंक अधाशासारखे वाचून काढले.

बंद पडतानाच्या शेवटच्या अंकात मासिकाने स्वतःचाच इतिहास छापला होता. तिघा मित्रांनी ते सुरू केलं. विद्यापीठाने जागा दिली, कागद दिला, आणि एक दिवस अंकातली युद्धाविरुद्धची कविता काढून टाका म्हणून फर्मावलं. एक मित्र म्हणाला, टाकू काढून. बाकी दोघांनी ती छापली. जागा गेली, कागद गेला, तो मित्रही गेला. पुढे कितीतरी वर्षं अंक स्वयंपाकघरातून निघत राहिला.

हे कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक एका वहिनी काढायच्या. झेरॉक्स त्यांच्या नवऱ्याच्या बँकेत, गुपचूप. लेख दिला, तर त्यांचा फोन.

"भाऊजी, छान लिहिलंय. फक्त ते कवितेचं भांडण काढून टाकते हं."

"वहिनी, अहो लेखच तो आहे!"

"तुमचं काय, सडाफटिंग. बँकेत कुणी पाहिलं, ह्यांचा इकामा रद्द करून आम्हाला देशाबाहेर काढलं, तर मुलांना घेऊन कुठे जाऊ मी?"

"मग अनारशांची कृती छापा!"

"ती आहेच. लोक वाचतात ती."

दिवाळीला सगळे त्यांच्याच घरी जमलो. लेख आला होता. युद्ध नाही, कविता नाही; तिघे मित्र गुण्यागोविंदाने म्हातारे होतात आणि मासिक थांबतं. सगळ्यांना आवडला. "काय मैत्री हो!" डोकं फिरलं माझं. शेजारी बसलेल्या मंडळाच्या अध्यक्षकाकांना मी कापलेलं सगळं तोंडी ऐकवलं.

काकांनी चकली मोडली. "म्हणजे बंदच पडलं ना शेवटी?"

"पडलं."

"मग मिळवलं काय?"

"तोवर छापलं ना, काका! कुणाच्या बापाला न विचारता!"

वहिनी दारात आल्या. काका म्हणाले, "हळू रे बाबा. खाली घरमालक राहतो."

मी आवाज खाली आणला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. तोवर काका पलीकडे सरकून कुणाच्या तरी मुलाच्या शाळाप्रवेशाबद्दल बोलत होते.