भूतमावशीची कलती मान

सिनेमात भुतांची कामं करून करून तिचं नावच भूतमावशी पडलं होतं. वीस वर्षांपूर्वी एका भयपटात ती दारात मान कलती करून नुसती उभी राहिली, आणि थिएटरात भल्याभल्यांची बोबडी वळली. आता त्याच भुताची जिवंतपणीची गोष्ट सांगणारा सिनेमा निघाला होता. त्यासाठी अर्थातच एक कोवळी मुलगी घेतली होती. सुरकुत्या काय, मेल्यावरच चालतात! मावशीला बोलावलं होतं ते त्या मुलीला मान शिकवायला.

"या गोष्टीत ती जिन्यावरून पडते आणि मान मोडते, म्हणून ती वाकडी," दिग्दर्शकानं समजावलं.

"डोंबल!" मावशी उसळली. "मोडलीबिडली काही नाही. माझा भाऊ भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून आई रोज संध्याकाळी दारात अशी उभी राहायची. जिन्यावर पाऊल वाजलं की कान तिकडे. तिचीच मान उचलली मी."

मग ती मुलीकडे वळली. "पोरी, कुणाला घाबरवायला जाऊ नकोस. नुसतं ऐक. कुणीतरी यायचंय."

मुलगी दारात उभी राहिली. हळूहळू तिची मान कलली. लाइटवाल्यानं दचकून मागच्या जिन्याकडे पाहिलं.

मावशीनंही पाहिलं. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. भाऊ अजून यायचा होता.