आवाज आला कुठून

लग्नाच्या व्हिडिओत आजकाल कोणी सरळ चालत नाही. नवरी तरंगत येते, नवरदेवाला गॉगल काढायला अर्धा मिनिट लागतो, आणि उभ्या जन्मात पंगतीत दम न धरलेले मामाही जिलेबीकडे संथपणे वळतात. या संथपणाचा कारखाना अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आहे. तो माया चालवते. दर्यापूरची पोरगी, तोंडाने फटकळ, कामाला वाघ.

गिऱ्हाईक आलं की माया आधी त्याची शाळा घेते. "हळू दाखवाचं असन तं घेतानी घाई करा लागते," ती सांगते. साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. शंभर घेतली आणि सावकाश दाखवली, तर फुलं कशी अलगद उतरतात. पंचवीसच ताणली तर माणूस झटके दिल्यासारखा हलतो. "एका पोळीच्या कणकेत चार पोळ्या लाटल्या तं भोकं पडतीनच." ती भोकं कम्प्युटर मनाची चित्रं घालून बुजवतो, पण पडती फुलं आणि हलती बोटं आली की त्याचं पितळ उघडं पडतं. आणखी एक गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. तिच्या कॅमेऱ्यात शंभरवर घेतलेल्या क्लिपला आवाज नसतो. मुकीच येते ती. माया वरून गाणं चढवते.

शूटिंग धर्मेंद्रचं, एडिटिंग मायाचं. सात वर्षांची भागी. तो शंभरवाला कॅमेराही दोघांनी मिळून घेतलेला. ती त्याला दादा म्हणायची आणि दादाला शोभणार नाही इतकं झापायची.

मागच्या उन्हाळ्यात मायाच्या धाकट्या बहिणीचं, भावनाचं, दर्यापूरला बौद्ध पद्धतीने लग्न झालं. घरचंच लग्न म्हणून माया पाहुण्यांत अडकलेली. धर्मेंद्रला तिने एकच गोष्ट मागितली होती. "जयमंगल गाथा सरली का फुलं पडतीन. तवा कॅमेरा बाबावर ठेव. शंभरवर घे."

बाबा म्हणजे किसनराव. एसटीत कंडक्टर होते. फोटो काढायचा म्हटलं की हा माणूस उठून पाणी प्यायला जायचा. घरच्या अल्बममध्ये त्यांचं एक कोपर आहे, तेही कोणीतरी पैजेवर ओळखलं. पण लेकीच्या अंगावर फुलं टाकायला हात वर करावाच लागणार होता, आणि माया त्याच हाताची वाट पाहत होती.

जेवताना तिने विचारलं, "दादा, घेतलं नं?"

"घेतलं. शंभरवर. तुह्या बापाचं काम हाये, चुकतो का मी?"

गिऱ्हाइकांची कामं आधी, घरचं मागून. व्हिडिओ तसाच पडून राहिला. दिवाळीच्या तोंडावर किसनराव आंघोळ करून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. सगळं आटोपल्यावर तिची आई, दुर्गाबाई, मायाला म्हणाली, "थो फुलायचा भाग दाखव मले. हळूहळू दाखव. डोये भरून पायतो त्यायले."

माया अमरावतीला आली आणि क्लिप उघडली. मी तेव्हा वर चहा घेऊन गेलो होतो. स्पीकरमधून गाथा ऐकू आली, साफ, खणखणीत. मला बरंच वाटलं. मायाचा मात्र चेहरा उतरला.

"काका," ती म्हणाली, "आवाज आला कुठून?"

तिने धर्मेंद्रला बोलावून घेतलं. तो आधी म्हणाला, सेटिंग हलली असेल. मायाने क्लिप पुन्हा लावली. मग खरं बाहेर आलं. चांगला कॅमेरा त्या दिवशी अकोल्याला गेला होता, एका ठेकेदाराच्या घरच्या लग्नात. दर्यापुरात सगळं जुन्यावर झालं.

"पार्टी मोठी होती, माया. हे तं घरचं लगन. म्हटलं, तू समजून घेशीन. अन् मंधातले चित्रं कम्प्युटर भरते नं."

माझं डोकं फिरलं. दगा देणाऱ्याला 'घरचं' हा शब्द फार सोयीचा पडतो. बाहेरच्याला फसवायला निदान भीती तरी वाटते.

"मी इचारलं होतं तुले," माया म्हणाली. "जेवतानी. तवा काहून नाई सांगितलं?"

धर्मेंद्र मोबाइल पाहत बसला.

आईसाठी म्हणून तिने तेही करून पाहिलं. कम्प्युटरला मधली चित्रं भरायला लावली. किसनरावांची बोटं एकमेकांत वितळली आणि एक पाकळी त्यांच्या कानातून निघाली. "हा माह्या बापाचा हात नाई," असं म्हणून तिने ते पुसून टाकलं. त्या दिवशी ती रडली. बाप गेल्याचं रडणं वेगळं, हे वेगळं होतं.

शेवटी तिने क्लिप होती तशीच ठेवली. हात वर जातो, खाली येतो, संपलं. फक्त आवाज जरा वाढवला, तेव्हा गाथेच्या शेवटी सगळ्यांचं तीन वेळा 'साधू' म्हणून झाल्यावर किसनराव ऐकू आले. आयुष्यभर बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा तो आवाज अगदी हळू म्हणतो, "जाय माय, सुखी राह्य." लग्नात हे कोणालाच ऐकू गेलं नव्हतं.

दुर्गाबाई राजापेठेत आल्या आणि पदर तोंडाला लावून तेवढंच पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. हळू कर म्हणाल्या नाहीत. तेवढ्यात धर्मेंद्र दुसऱ्या लग्नाच्या शूटिंगचं मेमरी कार्ड द्यायला वर आला. त्यांनी त्याचा हातच धरला.

"त्यायचा आवाज ठेवला तू, बाबू. लई उपकार झाले."

त्याने मायाकडे पाहिलं. 'तसं नाही, काकू,' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"मुद्दामच घेतला, काकू," तो म्हणाला. "म्हटलं, बाबाचा आवाज पायजेच."

माझ्या ओठांवर आलं होतं, पण मायाने मला डोळ्यांनीच थांबवलं. आईचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता. त्याने आरामात चहा घेतला, दाराशी जाऊन बूट घालू लागला.

"येतो, माया. रविवारी परतवाड्याचं लगन हाये, ध्यानात हाये नं?"

एरवी ती आतूनच ओरडायची, निघ दादा, हेल्मेट घाल. आज ती दारापर्यंत गेली आणि तिने हात जोडले.

"या तुमी, धर्मेंद्रजी."

एका पायात बूट घातलेला धर्मेंद्र तसाच उभा राहिला.