आधीच केलेली खूण

चार दिवस राहून आई आज सकाळी गावी परत गेली. निघण्याआधी तिकीट पाहायला तिने माझ्या लॅपटॉपवर स्वतःचा मेल उघडला होता. दुपारी मी कामाला बसले, तर कोपऱ्यातल्या गोलात तिचा फोटो तसाच. तिने काही केलं नव्हतं. पासवर्डच्या खाली 'साइन-इन राहू द्या' असा छोटा चौकोन असतो आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली असते. आलेल्या माणसाला राहायचंच असणार, असं यंत्र न विचारता धरून चालतं. त्याला हे कोणी शिकवलं कोण जाणे.

आमच्याकडे रीतच आहे. पाहुणा निघाला की 'राहा की अजून दोन दिवस' म्हणायचं. तो राहणार नसला तरी म्हणायचं. सकाळी आई चपला घालून, पिशवी हातात घेऊन दारात उगाच रेंगाळली. "तुळशीला पाणी घालत जा गं," म्हणाली. मी घड्याळ बघून विचारलं, "रिक्षा बोलावू का?"

आता माझा मेल उघडायचा, तर तिला आधी बाहेर काढायला हवं. 'बाहेर पडा'वर कर्सर नेला. एका दिवसात दुसऱ्यांदा ते मला करवेना.