आईच्या पलंगाखाली नाग

गेल्या रविवारी आमच्या घरात नाग निघाला... आणि तोही आईच्या पलंगाखाली.

आम्ही कुकटपल्लीच्या पार टोकाला, तळमजल्यावर राहतो. शेजारी मोकळा प्लॉट आहे, त्यात कुणाच्या तरी पाडलेल्या घराच्या विटा-फरश्यांचा ढीग. दोन महिन्यांपूर्वी आई नांदेडला घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. दोघांनी धरल्याशिवाय तिला पलंगावरून उतरता येत नाही.

सकाळचे साडेदहा वाजले असतील. मिस्टर मुलीला दिलसुखनगरला क्लासला सोडायला गेले होते. मी आईसाठी उपम्याची प्लेट घेऊन आले आणि दारातच थांबले... पलंगाखाली काहीतरी सरकलं. आधी वाटलं, वॉकरला बांधलेला पट्टा खाली पडलाय. मग त्या पट्ट्याने मान वळवली.

आई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने हळूच विचारलं, "काय आहे गं खाली?"

"साप आहे. आई, हलू नको."

ती हलली नाही. काही बोललीही नाही.

आत जाऊन तिला उचलावं, तर पलंगाकडे जायची वाट त्याच्या तोंडासमोरूनच होती. शिवाय मला एकटीला ती उचलली तरी गेली असती का...

कॉलनीच्या ग्रुपवर मागे कुणीतरी साप पकडणाऱ्या रहीमभाईंचा नंबर टाकला होता. तो शोधताना माझी बोटं भलतीकडेच पडत होती. रहीमभाई गाड्या दुरुस्त करतात आणि फोन आला की साप सोडवायला जातात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"डरो नक्को मॅडम. उसको छेडो नक्को, बस नजर रखो. अम्मा की चादर नीचे लटकरी क्या?"

लटकत होती. चादरीचं एक टोक फरशीला टेकलं होतं, सापापासून वीतभर अंतरावर. मी आईला सांगितलं, अगदी हळू वर ओढ. आईने बोटांनी इंच-इंच चादर वर घेतली. ते टोक फरशीवरून सुटेपर्यंत मी श्वास घेतला नसावा.

रहीमभाईंना यायला चाळीस मिनिटं लागणार होती.

तेवढ्यात माझं फोनवरचं बोलणं ऐकून वरच्या मजल्यावरचे नरसिंहगारू (इकडे आदराने नावापुढे 'गारू' लावतात) लोखंडी सळई घेऊन आले. माणूस भला आहे, आईला दवाखान्यातून आणलं तेव्हा खुर्ची त्यांनीच उचलली होती. "हट जाओ मॅडम, एक मार में खतम," म्हणाले.

खरं सांगते, त्या क्षणी मला बाजूला व्हावंसं वाटलं. मारून टाका आणि सुटका करा... पण पहिला घाव चुकला तर? तो पलंगाखाली, आई पलंगावर. मी दार अडवून उभी राहिले आणि म्हटलं, "नक्को अंकल. थांबा."

मग तो स्वतःच बाहेर आला. दारापासून चार-पाच फुटांवर थांबला, वर उठला आणि फणा काढला. पाठीमागे नरसिंहगारूंचा सळईचा हात वर गेलेला मला जाणवला. मी न वळता मागे हात नेऊन त्यांचं मनगट घट्ट धरलं. पलीकडे आईचे ओठ हलत होते... त्रिसरण म्हणत होती.

किती वेळ गेला माहीत नाही. आम्ही कुणीच हललो नाही. शेवटी त्याने फणा खाली घेतला आणि दाराशेजारच्या कपाटामागच्या फटीत शिरला. मागून नरसिंहगारूंचा श्वास सुटलेला ऐकू आला.

रहीमभाई आले. हातात एक हुक, आणि एका टोकाला कापडी पिशवी बांधलेला जाड पाइप. कपाट हळूच पुढे ओढून त्यांनी पाइपचं तोंड त्याच्यासमोर धरलं, हुकाने जरासं वळवलं. तो अंधार बघून आपणहून आत गेला... पिशवीला गाठ बसली. मारामारी नाही, काही नाही. "इसकू भी छुपने की जगा होना," एवढंच म्हणाले. वनखात्याला फोन करून कळवलं आणि मग चहा प्यायले.

जाताना त्यांनी बाथरूम पाहिलं. आईची चाकांची खुर्ची आत जावी म्हणून आम्ही उंबरा काढला होता, आणि त्याच वेळी मोरीची जाळी निघाली ती पुन्हा बसवलीच नव्हती. बाहेरच्या ढिगात उंदीर झालेत, उंदरांमागे हा आला. जाळी संध्याकाळी नरसिंहगारूंनीच बसवून दिली. ढीग हलवण्यासाठी प्लॉटच्या मालकाच्या मागे लागलोय.

त्या दुपारी रहीमभाई आणि नरसिंहगारू गेल्याबरोबर मी आईजवळ गेले. तिच्या अंगाखालची चादर ओली होती.

"कधी झालं कळलंच नाही गं," ती खाली बघत म्हणाली.

"आई, इतकी घाबरली होतीस? मला तर वाटलं तू शांत आहेस."

"मी वरडले असते तर तू आत पळत आली असतीस... त्याच्या अंगावर."

मी तिला पलंगावरच हळूहळू कुशीवर वळवून कपडे बदलले, नवीन चादर घातली. बराच वेळ तिचा हात धरून बसले. दोघींचेही हात गारठले होते.

आईला विचारूनच हे लिहितेय. तुमच्या भागात साप सोडवणारं कुणी असेल तर नंबर आजच सेव्ह करून ठेवा. रहीमभाई आणि नरसिंहगारू, दोघांचेही मनापासून आभार.

अजूनही त्या खोलीत जाताना मी आधी वाकून पलंगाखाली बघते. आणि रोज एकच विचार येतो... त्या चाळीस मिनिटांत मला वाटत होतं, दारात उभी राहून मी आईला सांभाळतेय.