दादूंच्या मिशा

चौलच्या नव्या सभागृहाला दादूंचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा समितीचे अध्यक्ष दिनानाथ फोटो मागायला दादूंच्या मुलीकडे आले. नव्वदीच्या वेणूबाईंनी ट्रंकेतून एकुलता एक फोटो काढला. नऊवारी शालू, नाकात नथ, मान किंचित कललेली.

"मावशी, पुरुषाच्या वेषातला न्हाय?"

"कोण काढतंय? हा तरी नाटक कंपनीनं काढला म्हणून हाय."

दादू कंपनीत नायिका व्हायचे. मुक्या सिनेमातही झाले, कारण बाया पडद्यावर यायला तयार नव्हत्या. पुढे त्या आल्या, आणि दादू सुपारीच्या वाडीत परतले. थोरल्या भावाने त्यांना मागच्या पडवीत टाकलं. "साडी नेसणारा ओटीवर नको," म्हणाला. दादूंच्या मुलीच्या हातचं पाणीसुद्धा तो कधी प्यायला नाही.

गावात लग्न निघालं की मात्र दादूंना बोलावणं येई. मागल्या दाराने जायचं, माजघरात धोतरावरच शालू नेसून दाखवायचा, मांडवात पाऊल कसं टाकायचं ते चालून दाखवायचं. नवरी बघून शिकायची, बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पंक्तीत दादूंना पान नसे.

"तुझी आय पण त्यांच्याकडनंच शिकली, दिनानाथ. तुझ्या आजोळच्या माजघरात. आणि जेवायला घरी आले. मी पिठलं टाकलं."

दिनानाथांनी चहाचा कप खाली ठेवला. "तो काळच तसा होता, मावशी."

"मग आता हाच फोटो लाव. एवढंच मागते."

"लावतो की. तुमच्याच हातानं उघडू."

उद्घाटनाला वेणूबाईंना खुर्चीसकट स्टेजवर चढवलं. त्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला. फेटा, कोट, झुपकेदार मिशा. मान ताठ.

"हे कोण?"

"दादूच की," दिनानाथ कानाशी वाकले. "कॉम्प्युटरवर करून घेतला. शाळेची पोरं येणार इथं, हसतील उगाच. चेहरा तोच हाय, बघा तरी."

वेणूबाईंनी बघितलं. चेहरा तोच होता. मिशा आल्या आणि तो हुबेहूब थोरल्या काकांचा झाला होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ओळखलं."

दिनानाथांनी हार पुढे केला. वेणूबाईंनी हात पदरात घेतले.

"तूच घाल. ह्यांना माझ्या हातचं चालत न्हाय."

म्हातारीला भरून आलं असं समजून दिनानाथांनी हार घातला. खाली टाळ्या पडल्या.