पेट्रोलच्या प्रेशरची तक्रार

आमच्या जुन्या गाडीचा पेट्रोल पंप बदलून महिना झाला नसेल, तोच ती उभ्या उभ्या थरथरायला लागली. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास, आणि अॅव्हरेजचं तर विचारूच नका. मी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि तज्ज्ञ झालो. निदान एकच: मेकॅनिकने डुप्लिकेट पंप बसवला. हे बायकोला सांगून थांबलो असतो तरी चाललं असतं. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'तळवलीच्या त्या गॅरेजपासून सावध राहा.' खाली जोडलेले हात, म्हणजे मी सभ्यही दिसावं.

सोसायटीतल्या निम्म्या गाड्या त्याच्याकडे जायच्या. साताऱ्याकडचा माणूस, एकटाच गॅरेज चालवायचा.

रविवारी मी भांडायच्या तयारीने त्याच्यासमोर उभा राहिलो. "पंप खोटा आहे तुमचा."

बॉनेट उघडून त्याने पेट्रोलच्या पाइपाला प्रेशरचं घड्याळ जोडलं आणि गाडी चालू केली.

"काका, पंप खराब आसता तर काटा खाली ऱ्हायला आसता. ह्यो तर वर चढून बसलाय. पेट्रोल जास्त जातंय." मग तो आत वाकला. "आन् ह्ये काय बांधलंय?"

"तंबाखू. उंदरांसाठी."

पार्किंगमधले उंदीर वायरी कुरतडतात, तंबाखूच्या वासाने फिरकत नाहीत, असं कुणीसं सांगितलं होतं. म्हणून पंप बदलला त्याच आठवड्यात मी तंबाखूची चांगली मोठी पुरचुंडी, बायकोच्या परकराच्या नाडीने, हाताला लागलेल्या पहिल्या पाइपाला करकचून बांधली होती. नेमका तो बारीक रबरी पाइप पेट्रोलचं प्रेशर आवरणारा निघाला. ओझ्याने निसटून लोंबत होता.

त्याने नाडी कापली, पाइप बसवला. काटा सरकन उतरला, गाडी शहाण्यासारखी चालू लागली.

"उंदीर तरी गेलं का?" तो हसला. मग हात पुसत म्हणाला, "तुमच्या सोसायटीची एकबी गाडी आली न्हाई ह्या आठवड्यात. तुमी लिवलेलं दावलं मला एकानं."

म्हणजे मी आलो तेव्हाच त्याला सगळं माहीत होतं. तरी त्याने बॉनेट उघडलं होतं.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, 'गाडी ठीक झाली. पाइपचा किरकोळ प्रॉब्लेम होता.' लगेच अंगठे आले.

बायकोने वाचलं. "अहो, पाइप कुणी काढला ते राहिलं की."

"लिहितो ना."

"नाडीसकट लिहा."

लिहिलं, नाडीसकट. मेकॅनिकची काही चूक नव्हती, हेही लिहिलं. लोक नाडीवर भरपूर हसले. त्याच्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. मग मी उठलो आणि गाडीवाल्यांची दारं वाजवायला निघालो.

पहिल्याच दारात शेजारी म्हणाले, "सोडा हो, एवढं काय टेन्शन घेता? आम्ही दुसरा धरलाय आता."

"पण त्याची चूक नव्हती."

"बरं, बरं," म्हणत त्यांनी दार लोटलं.

दुसऱ्या दाराच्या बेलवर बोट ठेवून मी बराच वेळ उभा होतो. मग दाबली.